वैमानिकाच्या खिशातला चष्मा

भाऊबिजेच्या सकाळी दवाखाना बंद होता, तरी दाराची बेल वाजली. दारात आमच्याच आळीतल्या एक बाई आणि त्यांचा मुलगा उभा होता. मुलगा सव्वीस वर्षांचा, एका विमान कंपनीत सहवैमानिक. लहानपणापासून मी त्याला ओळखतो. त्याला पहिला चष्मा मीच दिला होता, पाचवीत असताना. आता त्याच्या डोळ्यांवर काळा गॉगल होता आणि हातात रुमाल.

"अहो डॉक्टर, याचा डोळा लाल झालाय. जागरणानं झालं असेल म्हणून दोन दिवस थांबले, पण उतरतच नाहीये," बाई म्हणाल्या.

मशीनवर डोळा तपासला. उजव्या बुबुळाच्या कडेला मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा पांढरा ठिपका दिसला. जंतुसंसर्गाने बुबुळावर झालेली ती जखम होती. काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्याच्या डोळ्यात असा ठिपका दिसला की आम्हा नेत्रतज्ज्ञांच्या पोटात गोळा येतो, कारण हा ठिपका बुबुळाच्या मध्याकडे सरकला तर तिथे कायमचे फूल पडते.

मग हळूहळू हकीकत बाहेर आली. चार रात्रींपूर्वी तो रात्रपाळीचे उड्डाण संपवून पहाटे मुंबईत उतरला. तिथून थेट बसने घरी निघाला आणि सहा तास लेन्स डोळ्यांत ठेवूनच झोपला. उठल्यावर डोळा खुपत होता. मित्राने सांगितलेले 'लाली घालवणारे' थेंब त्याने मेडिकलच्या दुकानातून आणले. ते थेंब स्टेरॉइडचे निघाले. थोडे बरे वाटल्यावर पुन्हा लेन्स घालून तो ड्युटीवर गेला आणि एक फेरी करून आला. त्या फेरीत उजव्या डोळ्याला अधूनमधून धूसर दिसत होते, हेही त्याने मान खाली घालून सांगितले.

"अरे, मग लेन्स काढून चष्मा का नाही लावलास?"

तो गप्प. उत्तर आईने दिले, "चष्मा माझ्या कपाटात आहे की. बारावीतला."

आणि निघताना तो म्हणाला, "काका, एक करा. हे कुठे कागदावर लिहू नका."

आजचा लेख त्या चष्म्याबद्दल आणि त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. मुलाचे नाव-गाव सांगणार नाही, पण हकीकत त्याच्या संमतीने लिहीत आहे.

चष्मेवाल्याला वैमानिक होता येते का?

आपल्या राज्यात बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी विमान चालवण्याचे शिक्षण मिळू लागल्यापासून हा प्रश्न घेऊन येणारे आईवडील वाढले आहेत. मुलाला चष्मा लागला की जणू त्याचे पंखच कापले गेले, अशा चेहऱ्याने ते बसतात. हवाई दलातील वैमानिकांसाठी डोळ्यांचे नियम कडक असतात, हे खरे आहे. प्रवासी विमानाच्या वैमानिकाचे तसे नाही. इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकाप्रमाणे प्रत्येक डोळ्याला दूरचे ६/९ आणि दोन्ही डोळे मिळून ६/६ दिसले पाहिजे. ते चष्म्याने दिसले तरी चालते आणि काँटॅक्ट लेन्सने दिसले तरी चालते.

मात्र लेन्ससाठी तीन अटी आहेत. लेन्स एकाच नंबरची असावी, म्हणजे दूरचे आणि जवळचे असे दोन नंबर तिच्यात नसावेत, आणि ती रंगीतही नसावी. ती डोळ्याला चांगली मानवलेली असावी. तिसरी अट म्हणजे विमान चालवताना योग्य नंबरचा चष्मा हाताशी असलाच पाहिजे.

पहिल्या दोन अटी सगळे पाळतात, कारण वैद्यकीय तपासणीत त्या पाहिल्या जातात. तिसरी अट मात्र प्रत्येक उड्डाणाला ज्याची त्याने पाळायची असते. माझ्या मते सगळा आराम आणि सगळी सुरक्षितता तिच्यातच आहे. लेन्स सुखाने वापरायची असेल तर ती कधीही काढून ठेवण्याची तयारी हवी, आणि ही तयारी म्हणजेच खिशातला चष्मा.

आकाशातला वैशाख

विमानात लेन्सचा त्रास का होतो, हे आधी समजून घेऊ. पस्तीस हजार फुटांवर बाहेरची हवा उणे पन्नास अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि इतक्या थंड हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. तीच हवा दाबून आणि गरम करून आत सोडली जाते. विमानातला थोडाफार ओलावा येतो तो बहुतांशी माणसांच्या श्वासातून आणि अंगातून. प्रवाशांच्या बाजूला दोनशे माणसे श्वास घेत असतात. कॉकपिटमध्ये असतात दोघे, आणि तिथल्या यंत्रांना थंड ठेवायला ताजी कोरडी हवा सतत खेळवावी लागते. त्यामुळे कॉकपिट बहुधा आणखीच कोरडे असते. घरात आपल्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता सुखाची वाटते. लांबच्या उड्डाणात ती बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या खाली जाते. मे महिन्यात अकोला-जळगावकडे भर दुपारी दोरीवरचे कपडे बघता बघता खडखडीत वाळतात. तशा हवेत आठ तास बसून राहण्यासारखे हे आहे.

आता सॉफ्ट लेन्स म्हणजे काय, तर पाणी धरून ठेवणारे प्लॅस्टिक. ऑटो विख्तर्ले या चेक शास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातल्या जोडणीच्या सुट्या भागांचे यंत्र बनवून अशा लेन्स ओतल्या. ती कल्पना जगभर पसरली ती मऊपणामुळे, आणि मऊपणा येतो तो पाण्यामुळे. कोरड्या हवेत हेच पाणी उडते. मग लेन्स आपली तहान भागवायला डोळ्यातले अश्रू शोषते. तिची कड घट्ट होते, पापणी तिच्यावरून घासत जाते आणि डोळ्यात कुसळ गेल्यासारखे वाटू लागते. म्हणून 'जास्त पाण्याची लेन्स विमानात चांगली' हा समज उलटा आहे. जिच्यात जास्त पाणी असते तिचे पाणी उडतेही जास्त.

दुसरी गोष्ट पापणीची. आपण साधारणपणे मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. ती मिटली की अश्रूंचा नवा थर बुबुळावर पसरतो. पण टक लावून पडदे आणि आकडे पाहणाऱ्या माणसाचे पापणी मिटणे निम्म्यावर येते, आणि जे मिटते तेही अर्धवट. विमान उतरवताना तर वैमानिक श्वास रोखावा तशी पापणीच रोखून धरतो. ज्या क्षणी नजर सर्वांत स्वच्छ हवी, नेमकी त्याच क्षणी लेन्स सर्वांत कोरडी असते.

तिसरी गोष्ट प्राणवायूची. बुबुळाचा जो पारदर्शक भाग, ज्याला आम्ही कॉर्निया म्हणतो, त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलेच नसते. त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंत मिसळून. प्रवासी विमानाच्या आतला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका ठेवलेला असतो. आठ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश होतो. म्हणजे प्राणवायूही तेवढाच, आणि त्यावर लेन्सचे झाकण. डोळा मिटून झोपलात तर तो आणखी घटतो. मिटलेल्या डोळ्याला उघड्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्राणवायू मिळतो. गुदमरलेल्या बुबुळाला सूज येते, त्याचे वरचे आवरण नाजूक होते आणि जंतूंना वाट मिळते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन मिसळलेल्या सॉफ्ट लेन्स बाजारात आल्या. त्यांच्यातून प्राणवायू पुष्कळ जास्त प्रमाणात जातो. प्राणवायूची अडचण त्यांनी बरीच सोडवली. कोरडेपणाची पूर्ण सोडवलेली नाही आणि जंतूंची तर नाहीच.

झोप आणि लेन्स यांचे वैर

लेन्स घालून झोपणे किती महागात पडते, याचा एक जुना पण आजही सांगण्याजोगा दाखला आहे. अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागात झालेली एक पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. सॉफ्ट लेन्स रोज रात्री काढून ठेवण्याच्या बेताने वापरणाऱ्यांत वर्षाला दर दहा हजारांमागे सुमारे ४ जणांना बुबुळाचा जंतुसंसर्ग होत होता. लेन्स डोळ्यांतच ठेवून झोपण्याचा प्रकार वापरणाऱ्यांत हा आकडा सुमारे २१ होता. म्हणजे पाचपट. लेन्सची जात बदलली, सिलिकॉन आले, तरी झोप आणि लेन्स यांचे वैर संपलेले नाही.

सामान्य माणसाला रात्री झोपताना लेन्स काढा, एवढे सांगून भागते. वैमानिकाला तेवढ्याने भागत नाही, कारण त्याची रात्र केव्हा सुरू होते हेच ठरलेले नसते. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. सकाळी आठला उठून लेन्स घातलेला माणूस मध्यरात्री विमानात चढतो, तेव्हा त्याच्या लेन्सचे सोळा तास आधीच झालेले असतात. ड्युटीचे तास विमान कंपनी मोजते. लेन्सचे तास कोणी मोजत नाही. घरून निघणे, विमानतळावरची तयारी, धुक्यामुळे झालेला उशीर, उतरल्यावर हॉटेलपर्यंतचा प्रवास हे सगळे तास डोळ्याच्या खाती जमा होतात.

म्हणून मी वैमानिकांना सांगतो की ड्युटीच्या आधीचा सगळा वेळ चष्म्यात घालवा. निघण्यापूर्वी हात धुऊन, पुसून नवी लेन्स घाला. लांबच्या उड्डाणात वैमानिक आळीपाळीने विश्रांती घेतात. तेव्हा आडवे होण्यापूर्वी लेन्स काढा, आणि उठल्यावर नवी घाला किंवा सरळ चष्मा लावा. उतरल्यावर गाडीत बसण्यापूर्वीच लेन्स काढून टाका. गाडीत डोळा लागणार, हे ठरलेलेच असते.

यासाठी रोज नवी घालून रात्री टाकून द्यायची लेन्स सर्वांत सोयीची. डबी नको, औषधी पाणी नको, धुणे नको. आपल्याकडे आईवडिलांना ही उधळपट्टी वाटते. 'रोज टाकायची? महिन्याची घे की,' असे वडील मुलाला माझ्यासमोर सांगतात. काटकसर मलाही आवडते, पण हॉटेलच्या बाथरूममध्ये नळाच्या पाण्याने लेन्स खळखळून घेणारा माणूस जी बचत करतो ती खोटी असते. नळाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो एकदा बुबुळात शिरला की महिनोन् महिने उपचार चालतात आणि तरी नजर परत येईलच असे नाही. लेन्सला पाणी लावायचे नाही, मग ते नळाचे असो, फिल्टरचे असो की बाटलीतले.

धावपट्टी दिसत होती, अंतर कळले नाही

आतापर्यंत डोळ्याच्या त्रासाबद्दल बोललो. पण लेन्स अगदी आरामात बसलेली असूनही चुकीची असू शकते. याचे उदाहरण म्हणून न्यूयॉर्कचा एक अपघात सांगतो.

१९ ऑक्टोबर १९९६ रोजी डेल्टा कंपनीचे ५५४ क्रमांकाचे विमान अटलांटाहून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर उतरत होते. पाऊस आणि धुके होते. धावपट्टी खाडीच्या काठाला, त्यामुळे विमान पाण्यावरून खाली येत होते. ते अपेक्षेपेक्षा खाली आले आणि धावपट्टीच्या अलीकडे पाण्यात खांबांवर उभारलेल्या दिव्यांच्या मचाणाला धडकले. चाकांचा सांगाडा तुटला, विमान धावपट्टीवर घसरत जाऊन थांबले. आत ६३ माणसे होती. दैव बलवत्तर म्हणून कोणी दगावले नाही, तिघांना किरकोळ इजा झाली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. पाऊस, पाण्यावरून उतरणे, धावपट्टीच्या दिव्यांमधली असमान अंतरे या सगळ्यांचा विचार झाला. पण संभाव्य कारण म्हणून मंडळाने बोट ठेवले ते कॅप्टनच्या काँटॅक्ट लेन्सवर. त्याने 'मोनोव्हिजन' प्रकारच्या लेन्स घातल्या होत्या. त्यात एका डोळ्यात दूरच्या नंबरची आणि दुसऱ्यात जवळच्या नंबरची लेन्स असते. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतो, तो टाळण्यासाठी ही युक्ती करतात. घरात, कचेरीत ती ठीक चालते. पण खोली आणि अंतर यांचा नेमका अंदाज येण्यासाठी दोन्ही डोळ्यांनी सारखेच स्पष्ट दिसावे लागते. एक डोळा दूरच्या धावपट्टीवर आणि दुसरा हातातल्या कागदावर बेतलेला असेल तर तो अंदाज चुकतो. एरवी हे भागून गेले असते. त्या पावसात, पाण्यावर खुणेची एकही वस्तू नसताना ते भागले नाही.

वैमानिकाला अशा लेन्स घालून उडण्याची परवानगी त्या वेळीही नव्हती. तरीही त्या त्याच्या डोळ्यांत होत्या आणि त्याला त्यांचा काहीही त्रास नव्हता. आज अमेरिकेतील वैमानिकाच्या वैद्यकीय अर्जात 'उड्डाण करताना जवळचे पाहण्याची काँटॅक्ट लेन्स वापरता का?' असा वेगळा प्रश्नच असतो.

यातून आम्हा डॉक्टरांनी आणि चष्म्याच्या दुकानदारांनीही धडा घ्यायला हवा. लेन्स देताना आपण नंबर विचारतो, बजेट विचारतो, पण 'काम काय करता?' हे किती जण विचारतात? आणि वैमानिकाने स्वतःहून सांगावे की मी विमान चालवतो. चाळिशी आल्यावर दूरच्या नंबरची लेन्स दोन्ही डोळ्यांत ठेवावी आणि कागद वाचायला, समोरचे आकडे पाहायला नाकावर खाली बसणारा अर्धचंद्राकृती चष्मा वापरावा. दिसायला तो आजोबांचा वाटेल. पण आपल्यामागे बसलेल्या दोनशे माणसांना आपण कसे दिसतो याच्याशी कर्तव्य नसते, आपल्याला धावपट्टी कशी दिसते याच्याशी असते.

लेन्स मग घालावीच कशाला?

असे कोणी विचारील. मी लेन्सच्या विरुद्ध नाही. तिचे फायदे खरे आहेत. चष्म्याच्या चौकटीमुळे कडेचे दिसणे अडते, लेन्समुळे अडत नाही. कानांवर चार-सहा तास हेडफोन असतो, त्याखाली चष्म्याच्या काड्या रुतून कानशिले दुखतात. घामाने चष्मा घसरतो. डोळ्यांवर साधा उन्हाचा गॉगल लावता येतो. मोठ्या नंबरवाल्याला तर चष्म्यापेक्षा लेन्सने अधिक स्वाभाविक दिसते.

पण चष्म्याचे जे तोटे सांगितले जातात, ते सगळेच खरे नाहीत. विमानातला दाब अचानक गेला तर प्राणवायूचा मुखवटा चष्म्यावरून कसा लावणार, असे मला त्या मुलाने विचारले. याचा विचार नियम करणाऱ्यांनी आधीच केलेला आहे. अमेरिकी नियमांनुसार कॉकपिटमधला झटपट लावायचा मुखवटा एका हाताने, पाच सेकंदांत आणि चष्मा न हलवता लावता आला पाहिजे. चष्मेवाला वैमानिक हा अपवाद धरलेला नाही, तो गृहीतच धरलेला आहे.

मग अडते कुठे? अडते आपल्या मनात. त्या दिवशी त्या बाई मुलाला बाहेर बसवून मला हळूच म्हणाल्या, "याचं लग्न ठरायचंय हो. फोटो बिनचष्म्याचा दिलाय." मला हसू आले आणि वाईटही वाटले. मुलगा आकाशात उडतो, त्याच्या हाती शेकडो जीव सोपवले जातात, आणि त्याचा चष्मा मात्र आईच्या साड्यांखाली दडवलेला. मुलींच्या बाबतीत हे आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो, आता मुलांच्याही बाबतीत करू लागलो. चष्मा हे व्यंग आहे ही समजूत आपण त्याच्या डोक्यात घातली नसती तर तो त्या रात्री लेन्स काढून, चष्मा लावून सुखाने घरी आला असता.

आणि नुसता चष्मा असून भागत नाही, तो आजच्या नंबरचा हवा आणि सवयीचा हवा. त्या मुलाचा बारावीतला चष्मा लावून पाहिला तेव्हा त्याला खालची ओळ तर सोडाच, मधल्याही ओळी वाचता येईनात. नंबर पावणेदोनने वाढला होता. शिवाय मोठ्या उणे नंबरच्या चष्म्यातून वस्तू लेन्सपेक्षा किंचित लहान दिसतात, जमीन खोल गेल्यासारखी वाटते. वर्षानुवर्षे फक्त लेन्स वापरणाऱ्याला अचानक चष्मा लावावा लागला तर काही वेळ गरगरते. विमान उतरवण्याची घटका ही सवय करून घेण्याची नव्हे. म्हणून लेन्स वापरणाऱ्या वैमानिकाने रोज काही तास घरी चष्मा वापरलाच पाहिजे. त्याने डोळ्याला विश्रांती मिळते आणि नजर दोन्हींना सरावलेली राहते.

लपवाछपवीचे दुखणे

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. 'कागदावर लिहू नका.' वैमानिकाची नोकरी वैद्यकीय दाखल्यावर चालते. कर्ज काढून, जमीन विकून मुले हे शिक्षण घेतात. डोळा लाल झाला असे सांगितले तर उड्डाण बंद होईल, ही धास्ती मला समजते. पण हिशेब नीट मांडा. वेळेवर सांगितले असते तर लेन्स बंद करून चार-आठ दिवस थेंब टाकून काम झाले असते. लपवले म्हणून तीन आठवडे गेले. आणखी दोन दिवस लपवले असते आणि ठिपका मध्यावर आला असता, तर कदाचित कायमचीच गेली असती ती नोकरी. आणि मधल्या काळात धूसर डोळ्याने जे विमान उडाले त्यातल्या प्रवाशांचे काय?

मी त्याला तेच सांगितले. कागदावर लिहिणार, आणि तूही तुझ्या कंपनीच्या डॉक्टरांना आजच फोन करणार. त्याने केला. रजा मिळाली. तासातासाला थेंब टाकत त्याने ती दिवाळी घरी काढली. ठिपका भरून आला, कडेला एक बारीक खूण राहिली आहे, तिचा नजरेला त्रास नाही. डोळा बरा झाल्याची तपासणी होऊन तो पुन्हा कामावर रुजू झाला. विमान कंपन्यांनाही माझी विनंती आहे की लाल डोळा कळवणाऱ्या वैमानिकाला शिक्षा झाल्यासारखे वाटू देऊ नका. जो सांगतो तोच सुरक्षित वैमानिक.

वैमानिकांनी, आणि लेन्स वापरणाऱ्या सर्वांनीच, हे कात्रण जपून ठेवावे :

१) हात साबणाने धुऊन, कोरडे पुसूनच लेन्सला लावा. लेन्सला पाणी किंवा थुंकी लावू नका.

२) लेन्स घालून झोपू नका. बसमधली, गाडीतली डुलकीसुद्धा झोपच.

३) वरून येणारा वाऱ्याचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नका, छातीकडे वळवा. आठवण ठेवून पापणी पूर्ण मिटा, विशेषतः विमान खाली उतरू लागण्यापूर्वी.

४) डोळा कोरडा वाटल्यास प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, लेन्सवर चालणारे कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांना विचारून वापरा. लाली घालवणारे थेंब स्वतःच्या मनाने आणू नका. काही थेंबांनी लाली फिरून दुप्पट येते, आणि स्टेरॉइड जंतूंना मोकळे रान देते.

५) पाणी भरपूर प्यावे, अंगाला ते हवेच. पण पाणी प्यायल्याने लेन्स ओली राहते असे नव्हे.

६) सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी अश्रू आटतात आणि झोपही येते. अशा गोळ्या घेऊन लेन्स वाईट आणि उड्डाण त्याहून वाईट.

७) डोळा लाल, दुखरा, उजेड न सोसणारा किंवा धूसर झाला, यातले एक जरी झाले, तरी लेन्स ताबडतोब काढा, पुन्हा घालू नका आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. काढलेली लेन्स सोबत न्या, तपासायला उपयोगी पडते.

८) नंबर वर्षातून एकदा तपासा, आणि लेन्सचा नंबर बदलला की चष्म्याचाही बदला.

ज्यांचा विमानाशी संबंध नाही त्यांनी हा लेख वैमानिकांपुरता समजून बाजूला ठेवू नये. रात्रभर एसटी चालवणारा, वातानुकूलित खोलीत संगणकापुढे बसणारी मुलगी, नाइट ड्युटीची नर्स, या सर्वांच्या डोळ्यांची गोष्ट हीच आहे. फक्त उंची कमी.

गेल्या महिन्यात तो मुलगा घरी आला होता. लेन्स होतीच डोळ्यांत, पण निघताना शर्टाचा खिसा थोपटून म्हणाला, "काका, आहे हं." नव्या नंबरचा, साध्या काळ्या काडीचा चष्मा. आईने विचारले, "लग्नाच्या फोटोचं काय करायचं?" तो म्हणाला, "चष्म्यातला दे. नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं."